कायद्याचा भोंगा माझ्या फळीवर होता

नारायणा,

उद्या तुझी तेरवी. मास्तर सकाळीच दुकानात येऊन सांगून गेले, "सखाराम, मोटारस्टँडवर चार लोक बोलणार आहेत. तू त्याचा लहानपणचा सोबती. दोन शब्द लिहून आण." पायरी उतरले, परत वर आले आणि म्हणाले, "चांगले लिही." मास्तर मला ओळखतात.

म्हणून त्यांनीच शिकवलेल्या शाळेतल्या मराठीत लिहितो आहे. आपल्या बोलीत लिहायला बसलो तर कागदावर नुसत्या शिव्या उतरतील, आणि त्या बायामाणसांसमोर वाचता येणार नाहीत. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तू बोलायला जागा ठेवली असतीस तर आता बोलायची पाळी आली नसती.

लाइनीचे सगळे मोटारवाले तू गेल्यापासून तुझं गुणगान करत सुटले आहेत. कोणी म्हणतो दिलदार, कोणी म्हणतो अकोला-तेल्हारा लाइनीचा राजा. राजा! पंक्चर काढायला जॅक मागितला तर ज्यानं कधी सरळ दिला नाही, तो राजा. हेच लोक परवापर्यंत तुझ्या नावानं बोटं मोडत होते, कारण सवारी तू आधी भरायचास. मेलास आणि एकदम मोठा झालास. स्वस्त आहे बाबा मोठेपणा.

आणि तुझा तो भोंगा माझ्या समोर आहे. काल कौसल्यावहिनी फडक्यात बांधून घेऊन आल्या. माझ्या कामाच्या पाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, परवा समदे डायवर त्यायची मोटर स्टँडाभोवती फिरवनार हायेत, भोंगा वाजवत. पन हा दोन सालापासून वाजत नाही. नीट करून द्या."

मी म्हणालो, "अकोल्यात मिस्त्री काय एकच आहे?"

"दुसऱ्या कोनाले त्यायनं हात लावू देल्ला नाही. म्हनत, सखारामच उघडीन."

बाईमाणूस, कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. तिला काय सांगणार? ठेवून जा म्हणालो. गाठ अजून सोडलेली नाही. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते आधी कागदावर येऊ दे, मग पाहीन.

हा भोंगा तू मुंबईहून आणलास तेव्हाची तुझी ऐट मला आठवते. एका रबरी गोळ्याला तीन पितळी कर्णे, प्रत्येक कर्ण्याच्या बुडाशी एकेक पितळेची जिभली. गोळा दाबला की तिन्ही जिभल्या एकामागून एक थरथरायच्या आणि तीन सूर निघायचे. आधी जाड, मग मधला, मग असा किनरा की दात शिवशिवावेत. लग्नातला वाजंत्री बरा. तो सुपारी घेतल्यावर वाजवतो. तू फुकटात वाजवायचास. कोंबडी दिसली, वाजव. शाळा सुटली, वाजव. सासुरवाडीच्या वेशीपासून घरापर्यंत तर हात उचलतच नव्हतास. अकोटच्या बाजारात एकदा तुझ्या भोंग्यानं म्हातारीच्या डोक्यावरची दुधाची चरवी पडली, तर तू हसत म्हणालास, "आजीबाई, मोटर येऊन राहिली हे समजा लागते न लोकायले!" समजलं बाबा. तेल्हाऱ्याला निघालास की अर्ध्या अकोल्याला समजायचं.

आणि कायदा? कायदा तुला पाठ होता. नवा मोटार कायदा आला, सी. पी.-वऱ्हाड सरकारचे नियम आले, त्यात साफ लिहिलं होतं की प्रत्येक मोटारीला भोंगा पाहिजे, चालू पाहिजे, आणि एका सुराचा पाहिजे. सुरांची माळ नको, कर्कश नको, माणसाला-जनावराला दचकवणारा नको. मास्तरांनी आपल्या दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं होतं. तू मान डोलावलीस. गाढवापुढे वाचली गीता.

मग सरकारी साहेबानं मोटारी तपासायचा, पासिंगचा दिवस आला की माझ्या दुकानात गर्दी. सगळ्या लाइनीत कायद्याचा भोंगा एकच, आणि तो माझ्या फळीवर. साधा, एका सुराचा, 'भोंऽ' करणारा, तोंडाला एका बाजूनं चेमटलेला. पोलीस लाइनीच्या मैदानात सात मोटारी रांगेत उभ्या राहायच्या. पहिल्या मोटारीचा भोंगा साहेबानं वाजवला की मी पाना घेऊन तयार. साहेब ब्रेक पाहायला खाली वाकला की दोन नट ढिले, भोंगा माझ्या सदऱ्याखाली, आणि साहेब दुसऱ्या मोटारीच्या भोंग्याशी पोचायच्या आत तो तिच्यावर बसलेला. दुसरीच्या डायवरला मी सांगून ठेवलेलं असायचं की साहेबाला कागद दाखवत बस. एका साली साहेब म्हणाला, "अकोले में सब भोंपू एकही दुकान के हैं क्या?" मी म्हणालो, "हां साब, एकही दुकान के." खोटं कुठं बोललो? तू मडगार्डमागे तोंडात पंचा कोंबून हसत होतास.

मीही हसलो होतो. ते मला लिहिलंच पाहिजे. तुझा तीन सुरांचा भोंगा दर दिवाळीआधी उघडून मीच साफ करायचो. रबरी गोळा आपल्या वऱ्हाडच्या उन्हात चिरतो. बाकीचे मिस्त्री त्याला खोबरेल चोपडतात. गाढवं! तेलानं रबर विरघळतं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत ठेवायचं असतं. काळ्या मातीची धूळ जिभलीखाली बसते, ती कोंबडीच्या पिसानं झाडायची. जिभलीचं टोक नखभर उचललेलं हवं. जास्त उचललं तर नुसती हवा, कमी उचललं तर गळा धरल्यासारखा आवाज. त्या तीन जिभल्या मी अशा लावून दिल्या होत्या की तू म्हणायचास, "सखाराम, तुया हातात सरस्वती हाय." आणि मी फुगायचो. दोन बैलबुद्धीची माणसं एकमेकांची पाठ थोपटत होती, दुसरं काय.

मग तो दिवस आला.

माझा बा अकोल्याच्या बाजारात वांगी उतरवून परत निघाला होता. भर दुपार, रिकामी बैलबंडी, डोक्याखाली पोतं घेऊन बा झोपलेला. वऱ्हाडात कोणता बंडीवाला परतीच्या वाटेला जागा असतो? बैलांना घर माहीत असतं. लाल्या आणि चांद्या आपल्या चालीनं पूर्णा नदीचा उतार उतरत होते. मागून तू आलास. थांबला असतास तर काय सवारी उतरून पळाली असती? आवाज दिला असतास तरी बा उठला असता. पण हाताशी भोंगा असताना नारायण तोंड कशाला उघडेल! तू गोळा दाबलास. तिन्ही सूर. मी लावून दिलेले.

बैल उधळले, बंडी खंदकात, बा बंडीखाली. मांडीचं हाड मोडलं.

तू त्याला उचलून मोटारीत घातलंस, सवाऱ्या अर्ध्या वाटेत उतरवल्यास, अकोल्याच्या दवाखान्यात आणलंस. हे मी नाकारत नाही. मी धावत आलो तेव्हा व्हरांड्यात पंधरावीस लोक जमले होते आणि कोणीतरी तुला विचारलं, "कसं झालं?" मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो. मला एकच शब्द हवा होता. 'चुकलो.' बस. तू माझ्याकडे पाहिलंस, लोकांकडे पाहिलंस आणि म्हणालास, "भोंगा तं कायद्यानंच वाजवा लागते बाप्पा. म्हातारा झोपला होता, अन् बैल भेकड निंघाले."

कायद्यानं! नारायणा, कायद्याचा भोंगा माझ्या फळीवर होता. ते तुला माहीत होतं, मला माहीत होतं. आणि मी तोंड उघडलं असतं तर तुझ्याबरोबर मीही गेलो असतो, लाइनीतल्या सातही मोटारी गेल्या असत्या, म्हणून मी गप्प बसलो. तू बोललास त्याची मला जेवढी किळस आली तेवढीच माझ्या गप्प बसण्याची आली. पण स्वतःशी बोलणं बंद करता येत नाही, म्हणून तुझ्याशी बंद केलं.

हाड वाकडंच बसलं. लाल्या-चांद्या विकले. वांग्याचं वावर वाट्यानं दिलं आणि बाला जठारपेठेत माझ्या खोलीवर आणलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात सूर्य उगवल्यावर डोळे उघडले नव्हते, तो दिवसभर दारातल्या बाजेवर बसून चुन्याच्या डबीतला वाळलेला चुना पितळेच्या पातीनं खरवडायचा, पानाला लावायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या बंड्या पाहायचा. रोज कामावर जाताना तो खरवडण्याचा आवाज माझ्या कानात असायचा. आणि रोज तुझ्या नावानं एक शिवी.

तू मात्र निर्लज्ज. चार महिने गेले आणि आलास दुकानात, काही झालंच नाही असा. "सखाराम, भोंगा पाह्य ना जरा."

मी म्हणालो, "तुया भोंग्याले हात लावण्यापेक्षा मी नालीत हात घालीन."

गेलास. दिवाळीत पुन्हा. चार गिऱ्हाइकं उभी होती. "एकदा उघडून तं पाह्य लेका." मी गिऱ्हाइकांना म्हणालो, "राजाचं वाजणं बंद झालं, म्हणून राजा मिस्त्र्याच्या दारी आला." सगळे हसले. तू हसला नाहीस, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तिसऱ्या वेळी तू भोंगा मोटारीवरून काढून माझ्या कामाच्या पाटावर ठेवलास आणि न बोलता निघून गेलास. मी तो टांगेवाल्याच्या हाती परत पाठवला. म्हणालो, सांग त्याला, भंगारवाला पलीकडच्या गल्लीत बसतो.

नंतर लोक सांगू लागले की नारायण वळणावर भोंगा वाजवत नाही, मान बाहेर काढून बोंबलतो. "बाजू व्हा होऽ! मोटर येऊन राहिली!" बंडीवाला झोपलेला दिसला तर मोटार थांबवतो, खाली उतरतो, त्याला हलवून उठवतो, बैलांच्या कासऱ्याला हात लावून बंडी कडेला घेतो आणि मग पुढे जातो. सवाऱ्या कुरकुरतात. तेल्हाऱ्याला पोचायला तासभर उशीर होतो. मला हसू आलं. म्हणालो, दुसऱ्या कोणाला जिभल्या बसवता येत नाहीत, माझ्याकडे यायचं तोंड नाही, बोंबल आता. आणि असंही म्हणालो की त्याला पहिल्यापासून आपलाच आवाज गोड लागतो.

मग लढाईपायी पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, अर्ध्या मोटारी कोळशाच्या गॅसवर धुरकटत चालल्या. तूही त्या टाकीच्या धुरात खोकत फिरायचास. खोकल्याचा ताप झाला. चार गल्ल्यांवर तू अंथरुणाला खिळलास. मास्तर म्हणाले, जाऊन ये. मी म्हणालो, आधी त्यानं एक शब्द बोलावा, मग येतो. तू गेलास. ज्यानं आयुष्यभर साऱ्या मुलखाच्या कानठळ्या बसवल्या, तो म्हणे पहाटे वहिनींच्या हातून पाण्याचा घोट घेऊन गुपचूप गेला.

इथवर लिहून कागद बाजूला सारला आणि फडकं सोडलं.

गोळ्याला एक चीर नाही. ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेला. बुडाचे आटे साफ, पाना लावल्याबरोबर सुटले. म्हणजे कोणीतरी जाणत्या हातानं आत हात घातला होता. पहिला कर्णा उघडला. जिभली नाही. वाटलं, तुटून पडली असेल. दुसरा उघडला. नाही. तिसऱ्यातही नाही. तुटलेली जिभली मागे बारीक दातेरी तुकडा, दातरा, ठेवते. इथं दातरा नव्हता. आट्यांचा खिळा सोडवून, जिभली ओढून घेऊन, खिळा परत नीट बसवलेला होता, मी बसवतो तसा अर्धा आटा मागे घेऊन. हे माझ्याशिवाय एकालाच ठाऊक होतं, कारण दर दिवाळीला तो माझ्याजवळ उकिडवा बसून पाहायचा.

भोंगा तसाच उचलून मी घरी गेलो. दिवे लागायची वेळ होती. बा बाजेवर होता. मी काही बोलायच्या आत त्यानं भोंगा माझ्या हातातून घेतला, गोळा दाबला. नुसती फुस्स हवा निघाली. बा खुदकन हसला.

"जिभल्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"काढल्या त्यानं. याच बाजेवर बसून काढल्या. माह्या दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या महिन्यात. तू दुकानात होता."

"तो इथं आला होता?"

"आला होता. माह्ये पाय धरले अन् म्हणे, बा, चुकलो. लोकायसमोर जीभ फिरली म्हणे, लय भेलो होतो."

"अन् तुमी काय म्हणले?"

"मी म्हणलो, बैल भेकडच होते लेका. अन् मी झोपलोच होतो."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू सांगू देल्लं काय? त्याचं नाव काढलं का भरल्या ताटावरून उठे तू. त्यालेच मी म्हणलो, सखारामले सांग. तं म्हणे, मले तोंडानं नाही जमत बा. तो मिस्त्री हाय. एकदा उघडून पाहीन तं समदं समजन त्याले."

मग बानं चुन्याची डबी पुढे केली. तिच्यात ती पितळेची पात होती. चुन्यानं पांढरी पडलेली, टोकाला नखभर उचललेली. बाकीच्या दोन चंचीतून काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवल्या. दोन सालं, नारायणा. दोन सालं मी रोज सकाळी बाजूनं गेलो. माझ्या हातानं घासलेली जिभली माझ्या डोळ्यांपुढं चुना खरवडत होती, आणि मी, सरस्वतीच्या हाताचा मिस्त्री, तिला ओळखलं नाही.

आता शाळेतली मराठी पुरे झाली. मास्तर, माफ करा.

नाऱ्या, लेका, बयताडा! तुले भोंगा मुका करायले कोनं सांगतलं होतं बे? तोंड उघडायले सांगतलं होतं. तीन अक्षरं जास्त असतात काय चुकलो म्हणायले? बाले म्हणता आलं, मले काहून नाही म्हणता आलं? तीनदा माह्या दारात उभा राहिला तू, अन् तीनदा नुसतं भोंगा पाह्य, भोंगा पाह्य. मी काय देव हाव, फडक्यातलं ओळखाले? अन् मीही कसा हलकट पाह्य, हाड मोडलं बाचं, त्यानं माफ केलं, अन् रुसून बसलो मी. चार गल्ल्या होत्या रे. चारच गल्ल्या. मी आलो असतो तं तू तापात काहीबाही बोलला असता, मी तुले दोन शिव्या देल्ल्या असत्या, अन् समदं मिटलं असतं.

वहिनीले मी भोंगा नीट करून देतो म्हणलो होतो. नाही करत. जिभल्या बाच्या डबीत राहतीन, तिथंच नीट दिसतात. भोंगा उद्या मोटरवर चढवीन, मुकाच. पासिंगवाला साहेब पकडन तं पकडो, कायद्याचा भोंगा फळीवरच हाय.

मोटर तुई चालवन कोणीही. पायरीवर मी उभा राहीन. त्या समद्या मोठ्या लोकायसमोर, बा कोनाच्या तरी बंडीत बसून पाहून राहीन तवा, मान बाहेर काढून बोंबलीन. माहा आवाज बसला हाय सकाळपासून, फाटका निंघन. निंघो.

बाजू व्हा होऽ! बाजू व्हा! नारायणची मोटर येऊन राहिली!